बायकांचा रकाना

मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या ऑफिसात कुणीही सांगेल, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. ह्या गोष्टीत जी चूक झाली ती माझी आहे. निदान निम्मी तरी. मामा ती सगळी स्वतःच्या अंगावर घ्यायचे, पण त्यांना कुठलीही गोष्ट अंगावर घ्यायची खोडच होती.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले शिपाईसुद्धा. आमचं ऑफिस सरकारी, दुसऱ्या मजल्यावर, एक लांबोडकी खोली आणि तिच्यात सहा टेबलं. राज्यात जो कुणी मरतो त्याचा कागद शेवटी ह्या खोलीत येतो. डॉक्टरने त्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं. ते वाचायचं आणि त्याला ठरलेला कोड द्यायचा, एवढंच आमचं काम. वर्षाच्या शेवटी कॉम्प्युटर सगळे कोड मोजतो आणि तक्ता निघतो. हृदयविकाराने इतके गेले, कॅन्सरने इतके, अपघातात इतके, गोळ्या-पावडरींच्या ओव्हरडोसने इतके. पुरुषांचा रकाना वेगळा, बायकांचा वेगळा.

लग्नाच्या आधी मी इथे लागले तेव्हा मला वाटलं, हे कसलं काम, आठ दिवसांत पळून जाईन. मामांनी पहिल्याच दिवशी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बस. इथलं एक बरं असतं. आपलं गिऱ्हाईक कधी तक्रार घेऊन परत येत नाही." मला हसू आवरेना. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. ते मला तोफ म्हणायचे.

मामा अंगाने किडकिडीत, कानामागे पेन्सिल, आणि डॉक्टरांचं अक्षर वाचायला एक भिंग, ज्याची मूठ तुटली होती म्हणून तिला चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यांची एक सवय होती. कोड देण्याआधी ते कागदावरचं नाव वाचायचे, अगदी हलक्या आवाजात, पण ओठ हलवून. नावाचा कोडाशी काही संबंध नसतो. वय लागतं, पुरुष की स्त्री ते लागतं, जिल्हा लागतो, कारण लागतं. नाव तिथेच राहतं. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, दिवसाला दोनशे कागद, त्यात ही पूजा कशाला?" ते म्हणाले, "अगं, इथून पुढे त्याला कुणी नावाने हाक मारणार नाही. मी शेवटचा. वाचतो आपला." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आता ओव्हरडोसचं सांगते. दहाएक वर्षांपूर्वी तो रकाना वाढायला लागला. आधी एकशे चाळीस, मग दोनशेच्या घरात, मग तीनशे चाळीस. वरिष्ठांच्या तोंडचं पाणी पळालं, समित्या झाल्या, भिंतींवर पत्रकं लागली. आणि पुढच्या वर्षी आकडा एकदम खाली आला, तीनशेच्याही खाली. सगळ्यांना हायसं वाटलं. साहेबांनी आमच्या खोलीत चहा पाठवला. मामांनी चहा प्यायला नाही. ते दोन दिवस तक्ते समोर ठेवून बसले होते, कपाळावर आठ्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "तोफ, हे बघ. ओव्हरडोसचे साठ कमी झाले. आणि चाळिशीच्या आतले हृदयाचे किती वाढले?" मी बघितलं. सत्तर. "पंचवीस वर्षांच्या पोरांची हृदयं एका वर्षात कशी काय बंद पडायला लागली?" मामा म्हणाले. "बंद तर सगळ्यांचीच पडतात. कशामुळे पडली ते कुणी लिहायचं?"

गोष्ट सरळ होती. घरात पोरगं गेलेलं, आईबाप डॉक्टरच्या हातापाया पडतात, तो बिचारा ओळखीचा असतो, तो लिहितो "हृदयक्रिया बंद पडून मृत्यू". खोटं काही नाही त्यात. आमचा नियम असा की जे लिहिलं असेल त्यालाच कोड द्यायचा, मनाने काही घालायचं नाही. म्हणजे तो पोरगा हृदयाच्या रकान्यात, आणि ओव्हरडोस कमी झाला म्हणून आम्हाला चहा.

पण नियमात एक फट होती. कारण अपुरं वाटलं तर डॉक्टरला खुलासा विचारणारं पत्र पाठवता येतं. कुणी पाठवत नसे, कारण पत्र पाठवलं की तो कागद बाजूला ठेवा, नोंद करा, उत्तराची वाट बघा. मामांनी पाठवायला सुरुवात केली, आधी पोरांच्या कागदांपासून; बायकांचे पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले. चाळिशीच्या आत आणि नुसतं हृदय लिहिलंय, की गेलं पत्र. चार ओळींचा मजकूर त्यांनी स्वतः जुळवला होता. "मृत व्यक्तीचे वय पाहता हृदयक्रिया बंद पडण्यामागील मूळ कारण कळवावे, ही विनंती. ही माहिती केवळ गणनेसाठी वापरली जाते. नाव कोठेही प्रसिद्ध होत नाही." आणि उत्तरं आली. अर्ध्याहून जास्त डॉक्टरांनी खरं लिहिलं. कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलायला माणूस कचरतो. त्या वर्षी आकडा चारशे वीस झाला.

ह्यावर वरून शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं, इतकी मी बावळट. डॉक्टरांच्या संघटनेची तक्रार आली की हे ऑफिस आमच्यावर अविश्वास दाखवतं. साहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, पत्रं पाठवा पण महिन्याला पंचवीस, त्याच्यावर एक नाही. मामा परत आले आणि कागदांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले. संशयाचे कागद महिन्याला साठ-सत्तर. त्यातले पंचवीस कुठले निवडायचे?

आणि इथे मी तोंड उघडलं. मी म्हटलं, "मामा, त्यात डोकं काय फोडायचं? बायकांचे वगळा. ओव्हरडोसमध्ये बायका किती निघतात, वर्षाला दहा-बारा. पुरुष चारशे. जिथे सापडायची शक्यता जास्त तिथे पत्र खर्च करा." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मला इतका आनंद झाला. मामा कुणाचं सहसा ऐकत नसत.

तेव्हापासून चार वर्षं आम्ही तसंच केलं. बाईचा कागद, चाळिशीच्या आतला, नुसतं हृदय लिहिलेला, आला की सरळ हृदयाचा कोड. बारा, नऊ, अकरा, बारा. बायकांचा रकाना कधी हललाच नाही. आम्ही दोघं तो बघून म्हणायचो, ह्या बाबतीत बायका शहाण्या.

मामांच्या घरी मामी, मुलगी आणि नात. मुलीला घरात चिमी म्हणत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीही. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा मुलीला घेऊन माहेरी आली, आणि मामांनी एका शब्दाने का आलीस विचारलं नाही. मी त्यांच्या घरी जायची तेव्हा चिमी वह्या तपासत बसलेली असायची, आणि मला बघून म्हणायची, "आलात का मावशी, बाबांचं डोकं खायला?" गोड पोरगी. त्याच चार वर्षांत एकदा शाळेच्या जिन्यावरून पडली, कंबरेला मार बसला. महिनाभर अंथरुणावर होती. डॉक्टरांनी वेदनेच्या जोरदार गोळ्या दिल्या. नंतर ती हिंडायफिरायला लागली, शाळेत जायला लागली. सगळ्यांना वाटलं, बरी झाली.

मामांनाही तेच वाटलं. मामी मात्र रोज बघत होत्या. पण ते मला नंतर कळलं.

एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मला फोन आला. मी पोचले तेव्हा चिमीला खोलीत पलंगावर सरळ निजवलेलं होतं आणि नातीला शेजाऱ्यांकडे पाठवलेलं. सकाळी सुट्टी म्हणून कुणी उठवलं नव्हतं. घरचे डॉक्टर, चिमीला लहानपणापासून बघणारे, खुर्चीवर बसून कागद भरत होते. मामी त्यांच्या शेजारी उभ्या राहून एकच वाक्य म्हणत होत्या, "हृदय लिहा हो डॉक्टर. माझ्या पोरीचं हृदय नाजूक होतं." डॉक्टरांनी लिहिलं. मी मामांकडे बघितलं. ते पलंगाच्या पलीकडे गुडघ्यांवर बसले होते आणि गादीखालून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून रुमालात ठेवत होते. एक, दोन, तीन. तो रुमाल भरला. त्यांनी त्याला गाठ मारली आणि खिशात घातला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मामा तीन आठवडे रजेवर होते. आमच्या शहराचे कागद माझ्या टेबलावर येतात. बाराव्या दिवशी तिचा आला.

मी खरं तेच सांगते. मी कागद उचलला, नजर वयावर गेली, स्त्री ह्या शब्दावर गेली, कारणावर गेली, आणि माझी बोटं हृदयाचा कोड टाइप करायला निघाली. चार वर्षांची सवय. दोन आकडे टाइप झाले आणि मग माझं लक्ष नावावर गेलं. मामांसारखं आधी नाव वाचलं असतं तर. मी हात मागे घेतला. मी कागद खणात टाकला आणि कुलूप लावलं.

मामा रजेवरून परतले ते दहा वर्षांनी म्हातारे होऊन. टेबलाशी बसले, भिंग पुसलं, आणि पहिलाच प्रश्न, "माझा कागद आला का?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"तोफ, तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल होतात."

मी खण उघडला. त्यांनी कागद घेतला, भिंगाची गरज नव्हती, डॉक्टरांचं अक्षर सुरेख होतं. त्यांनी नाव वाचलं, नेहमीसारखं, हलक्या आवाजात. मग म्हणाले, "ह्या वर्षीचे बायकांचे सगळे काढ. चाळिशीच्या आतले, नुसतं हृदय लिहिलेले."

मला सकाळपासून दुपारपर्यंत लागलं. एकशे अठरा निघाले. आम्ही ते लांब टेबलावर पसरले. एकतीस वर्षं. छत्तीस वर्षं. चोवीस. हृदय, हृदय, हृदय. शिक्षिका, शिंपीण, कपड्यांच्या दुकानातली बाई, घर सांभाळणारी, घर सांभाळणारी, घर सांभाळणारी. मामा एकेकीचं नाव वाचत टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मी शंभरदा हात लावलेले कागद होते ते.

"बायकांचा आकडा बारा होता कारण आपण विचारलं नाही," मामा म्हणाले. "आणि विचारलं नाही कारण आकडा बारा होता. चार वर्षं मी ते गोल गोल फिरवत बसलो. घरी पोरगी वाकून चपला घालताना घामाने निथळायची. मला वाटायचं, कंबर दुखते. मला पोरं दिसायची, तोफ. ह्या रोगाचा चेहरा माझ्या डोक्यात पंचविशीतल्या पोराचा होता. तक्त्यात तसंच होतं ना."

मी रडायला लागले. म्हटलं, "मामा, वगळा असं मी सांगितलं होतं."

"सही माझी होती," ते म्हणाले.

मला वाटलं आता पत्रं निघतील. पण मामांनी सगळे कागद गोळा करून दोरीने बांधले आणि कपाटात ठेवले. महिनाअखेरीला वर्ष बंद होतं, त्यानंतर कुठलाही कोड बदलता येत नाही. एकोणीस दिवस उरले होते. मी रोज विचारायची, रोज ते म्हणायचे बघू. शेवटी मी भडकले. म्हटलं, "एकशे सतरा तरी पाठवा. तुमचा एक राहू द्या."

"आणि त्या एकशे सतरा घरांत काय सांगू? माझ्या पोरीचं हृदय आणि तुमच्या पोरींच्या गोळ्या?" मामा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "घरी ही म्हणते, पत्र पाठवलंत तर मी ह्या घरात राहणार नाही."

मला मामींचा राग आला, खोटं कशाला बोलू. लोकांना घाबरतात असं वाटलं. रविवारी मी त्यांच्या घरी गेले ते त्यांना चार शब्द सुनवायच्या तयारीनेच. नात बाहेर अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मामी चिमीच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, जे आता कुणी घालणार नव्हतं ते कपडे. मी म्हटलं, "मामी, पत्र फक्त डॉक्टरला जातं. नाव कुठेही छापत नाहीत. तुम्ही लोकांची कसली भीती घेऊन बसलात?"

त्यांनी घडी घातलेला कुर्ता मांडीवर ठेवला. "लोक गेले खड्ड्यात," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघावं तसं त्यांच्या तोंडून निघालं. "गोळ्या मी आणून देत होते. डॉक्टरांनी बंद केल्या तेव्हा ती माझ्यापाशी रडायची. आई, आजचा दिवस. आई, वर्गात उभं राहवत नाही. जुनी चिठ्ठी घेऊन मी तीन दुकानं फिरायची, दर वेळी वेगळं. ह्यांना सांगायचं नाही म्हणाली, नाही सांगितलं. शुक्रवारी मी दोन पाकिटं आणली. शनिवारी ती उठली नाही. आता तुम्ही लिहिणार की गोळ्यांनी गेली. लिहा. मग मी कशी जगायची ते पण लिहा त्यात."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मग बोलले, विचार करून बोलले असंही नाही. मी म्हटलं, "मामी, मी चार वर्षांपूर्वी बायकांची पत्रं पाठवूच दिली नाहीत. मामांनी ती पाठवली असती तर आकडा दिसला असता. आकडा दिसला असता तर कदाचित कुठल्यातरी दुकानदाराने तुम्हाला विचारलं असतं, डॉक्टरने चिमीला विचारलं असतं. तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं की ह्या गोळ्यांनी बायका जातात. कारण आमच्याकडे त्या जातच नव्हत्या. ह्या वर्षी एकशे अठरा कागद पडलेत मामी. त्यातल्या कितीजणींच्या आया तुमच्यासारख्या घड्या घालत बसल्या असतील."

मी निघाले तेव्हा त्यांनी दाराशी विचारलं, "पत्रात काय लिहितात?" मला तो मजकूर पाठ होता. मी चार ओळी म्हणून दाखवल्या. त्यांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर दोन दिवस काहीच घडलं नाही. मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामी ऑफिसात आल्या. इतक्या वर्षांत त्या हा जिना कधी चढल्या नव्हत्या. मामांचा घास हातात राहिला. मामी त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ते पत्र द्या. टपालाने नको. डॉक्टरांकडे मी घेऊन जाते."

मामांनी डबा बाजूला सारला, हात धुऊन आले आणि पत्र लिहायला घेतलं. छापील नमुना होता, पण त्यांनी हाताने लिहिलं. त्यांची पेन्सिल, पेन, भिंग सगळं टेबलावर होतं आणि मृत व्यक्ती ह्या शब्दावर पेन इतका वेळ टेकून राहिलं की शाई पसरली. मामी म्हणाल्या, "राहू द्या, वाचता येतंय." आणि पत्र पदराच्या टोकाने टिपून, घडी घालून पिशवीत ठेवलं.

बाकीची एकशे सतरा घेऊन मामा साहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले, भांडायची पूर्ण तयारी करून. पंचवीसचा नियम होताच. सगळ्यात वर मामांनी चिमीच्या पत्राची प्रत ठेवली होती. साहेबांनी ती वाचली, आडनाव वाचलं, मामांकडे बघितलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि एकही प्रश्न न विचारता सह्या करायला लागले. एकशे अठरा सह्या. मधे शिपाई चहा घेऊन आला त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं. मी साहेबांना नंतर कधी वाईट बोलले नाही, आणि ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

नऊ दिवसांत नव्वद उत्तरं आली. आम्ही सहाही जण फोन करकरून डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. त्या नव्वदांत चिमीचं होतं. डॉक्टरांच्या त्याच सुरेख अक्षरात, "मूळ कारण: वेदनाशामक गोळ्यांची अतिमात्रा." आणि खाली, माहिती देणाऱ्याचं नातं ह्या ओळीवर, "आई". पुढे मामींची सही होती, शाळेत शिकवतात तशी, एकेक अक्षर सुटं काढून केलेली.

मामा म्हणाले, "कोड तू घाल." ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी आधी नाव वाचलं, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं. मग कोड घातला. मामांच्या खांद्यांकडे मी बघितलं नाही.

नव्वदांतल्या एकोणपन्नास गोळ्यांच्या निघाल्या. आधीच्या बारा. बायकांच्या रकान्यात एकसष्ट.

अहवाल बाहेर पडला आणि पेपरांत आलं, "बायकांमध्ये व्यसनाचं प्रमाण अचानक पाचपट." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्यसन कुठलं, आणि अचानक कुठलं? आम्ही पहिल्यांदा विचारलं एवढंच झालं होतं. मी संपादकाला पत्र लिहिलं, छापलं नाही त्यांनी. पण वेदनेच्या गोळ्या एका चिठ्ठीवर एकदाच द्यायच्या असा आदेश दुकानांना तीन महिन्यांत निघाला. आदेशाच्या पहिल्या ओळीत एकसष्टचा आकडा होता. पाळतात किती ते मला माहीत नाही.

अहवालाची छापील प्रत मिळाली त्या संध्याकाळी मामा म्हणाले, "तू पण चल घरी." त्यांना एकट्याने जायचं नव्हतं हे मला कळलं. आम्ही गेलो. नात जेवणाच्या टेबलावर चित्र रंगवत होती. मामींनी हात पुसले, चष्मा लावला आणि पुस्तक हातात घेतलं. जाडजूड, आडवे तक्ते, बारीक आकडे. त्यांनी दोन-चार पानं उलटली आणि मामांना विचारलं, "ह्यात आपली चिमी कुठे आहे?"

कुठलाही आकडा विचारा, मामा न बघता पान सांगायचे. त्यांनी पुस्तक घेतलं, पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं, बायकांच्या रकान्यापर्यंत नेलं आणि तिथे थांबले. मीच म्हटलं, "ह्या एकसष्टमध्ये मामी. नावं नसतात ह्यात."

मामींनी मामांचं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. त्या आकड्यावर त्यांचं बोट पुरून उरत होतं. "म्हणजे एकटी नाही," त्या म्हणाल्या. मग नातीला म्हणाल्या, "बाळा, रंगाचे हात लावू नकोस हं ह्याला," आणि पुस्तक उचलून आत चिमीच्या खोलीत, तिच्या तपासायच्या राहिलेल्या वह्यांवर ठेवून आल्या.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचं भिंग माझ्याकडे आहे. बायकांची पत्रं आता मी पाठवते, आणि आधी नाव वाचते.